साईट डोळ्याकडे आणा, मान साईटकडे नको

मागच्या महिन्यात नेमबाजीतल्या ग्रिपबद्दल लिहिताना मी शेवटी एक ओळ टाकली होती की साईट बसवणं हा वेगळा विषय आहे, त्यावर कधीतरी बोलू. त्या एका ओळीवर एवढी पत्रं आली की ह्या वेळी दुसरं काहीच घेतलं नाही, सगळे प्रश्न साईट (नेम धरायला बंदुकीवर बसवतात तो भाग) आणि माउंट (ती बंदुकीला आवळून धरणारा भाग) ह्यांचेच. २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्निल कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशन रायफलचं ब्रॉन्झ आणलं तेव्हापासून रेंजवर चौकशीला येणारे आईबाप मला जास्त दिसतात, पेडण्याहून येतात, केप्याहून येतात, बसने येतात, आणि मुलं खरंच मन लावून करतात. म्हणून उत्तरं जरा सविस्तर दिलीयत.

आधी एकच सांगते आणि मग पुन्हा पुन्हा सांगत नाही. घरी साईटला हात लावायच्या आधी बोल्ट (छर्रा भरायच्या जागेचं झाकण) उघडा, छर्रा नाही हे डोळ्याने बघा, बॅरलमधून केशरी सेफ्टी दोरा आरपार घाला, आणि छर्र्यांचा डबा दुसऱ्या खोलीत ठेवा. घरात लहान मूल असेल तर दार लावून काम करा.

साखळीहून एक आई विचारतात: माझी मुलगी १४ वर्षांची आहे, अंगाने उंच. क्लबच्या रायफलवर १० मीटर करते. घरी आली की मान दुखते म्हणते, आणि ४० शॉट झाले की स्कोअर घसरतो. तिचे बाबा म्हणतात साईटखाली काहीतरी घालून ती उंच करू. घरी केलं तर चालेल का?

ताई, चालेल, आणि बाबांचा अंदाज बहुतेक बरोबरच असणार, पण लगेच स्क्रू सोडवू नका. आधी मान का दुखते ते बघूया. मॅचला ६० शॉट असतात आणि त्याला ७५ मिनिटं, म्हणजे मुलगी सव्वा तास त्याच पोझिशनमध्ये पुन्हा पुन्हा जाते, डोकं जरासं जरी ओढून धरावं लागत असेल तरी चाळिसाव्या शॉटला मान सांगणारच की बस झालं.

एक साधी टेस्ट करा. मुलीला रिकामी रायफल घेऊन नेहमीसारखी उभी राहू दे, जॅकेट घालूनच, कारण जॅकेटशिवाय सगळी मापं बदलतात. आता तिला डोळे मिटायला सांगा, गाल चीकपीसवर आपोआप जिथे टेकतो तिथे टेकू दे, दोन श्वास घेऊ दे, मग डोळा उघडायचा आणि मान अजिबात न हलवता सांगायचं की काय दिसतं. रिअर साईटच्या (डोळ्याजवळच्या) भोकातून फोरसाईटची (बॅरलच्या टोकाकडच्या साईटची) गोल रिंग बरोबर मधोमध दिसली तर उंचीचा प्रॉब्लेम नाही. दिसायला गाल खाली दाबावा लागला तर तिचा डोळा साईटच्या वर राहतोय, म्हणजे साईट वर हवी किंवा चीकपीस खाली. गाल उचलावा लागला तर उलटं. आणि मान पुढे ताणावी लागली तर उंचीचा प्रश्नच नाही, रिअर साईट रेलवर (रायफलवरच्या ज्या पट्टीवर साईट बसते तिच्यावर) मागे आणायची, बस. हे दहा वेळा करा, एकदा नाही, पहिल्या दोन वेळा मुलं आपल्याला बरं वाटावं म्हणून डोकं हलवतात.

उंच मुलांचं बहुतेक वेळा गाल खाली दाबायचंच निघतं. डोकं सरळ ठेवलं की साईट खाली राहते, मग ती डोकं वाकवून साईटकडे नेते, आणि वाकलेल्या डोक्याने भुवईखालून बघते. भुवईखालून बघितलं की डोळा लवकर थकतो, कारण डोळा समोर बघायला बनलाय.

आता उंच करायची तर चीकपीसपासून सुरू करा. बऱ्याच मॅच रायफलींना चीकपीस अॅलन कीने खालीवर होतो, एकावेळी दोन मिलिमीटर, त्याहून जास्त नाही, आणि आधीची जागा पेन्सिलने खूण करून ठेवा. चीकपीस खाली घेऊनही भागलं नाही तर साईट रेझर लागेल, म्हणजे साईट आणि रेल ह्यांच्या मधे बसणारा ब्लॉक. तो विकत मिळतो, आणि तो दोन्ही साईटखाली सारखाच घालायचा. इथेच घरोघरी चुकतं. बाबांनी फक्त रिअर साईट उचलली तर काय होईल ते हिशोबाने सांगते. रिअर साईट ते फोरसाईट अंतर समजा ८० सेंटिमीटर, टार्गेट १० मीटरवर, म्हणजे साडेबारा पट. रिअर साईट १ मिलिमीटर वर गेली की छर्रा साडेबारा मिलिमीटर वर जातो. एअर रायफलच्या कार्डावर गुणांची एक रिंग अडीच मिलिमीटरची, म्हणजे १ मिलिमीटरला पाच रिंगा, दहाचा शॉट पाचात. ६ मिलिमीटरचा ब्लॉक फक्त मागे घातला तर छर्रा ७५ मिलिमीटर वर, कार्डाच्याच बाहेर, आणि तेवढं खाली आणायला साईटचे क्लिक (नॉब फिरवताना पडणारे बारीक टप्पे) पुरत नाहीत. दोन्ही सारखे उचलले तर झिरो, म्हणजे नेम धरला तिथेच छर्रा लागणं, जवळपास तिथेच राहतो, थोडे क्लिक फिरवले की काम झालं.

ह्याच हिशोबाचा फायदा पण आहे. झेरॉक्सचा एक कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो. तोच एक कागद रिअर साईटखाली गेला तरी सव्वा मिलिमीटर, अर्धी रिंग. म्हणून साईट लावताना खाली कागदाचा तुकडा, धूळ, जुन्या तेलाचा थर काहीही राहू देऊ नका. बोटाने चाचपून बघा, डोळ्याला दिसत नाही पण नखाला लागतं.

क्लिकबद्दलही दोन शब्द, कारण साईटवरची अक्षरं बघून मुलं गोंधळतात, जर्मन साईटवर एच म्हणजे वर आणि टी म्हणजे खाली असतं, पण छर्रा वर गेलाय म्हणून फिरवायचं की वर न्यायचा म्हणून फिरवायचं हे कंपनीकंपनीला वेगळं. सोपा उपाय असा की पाच शॉट मारा, एका दिशेने १० क्लिक फिरवा, परत पाच मारा, आणि दोन्ही ग्रुपच्या (पाच भोकांच्या पुंजक्यांच्या) मध्यातलं अंतर फूटपट्टीने मोजा. दहाने भागा. हा आकडा वहीत पहिल्या पानावर लिहा, हीच तुमच्या साईटची खरी माहिती.

रायफल क्लबची आहे म्हणालात, म्हणजे तिच्या आधी आणि नंतर दुसरी मुलं वापरणार. तर मापं रायफलवर नाही, तिच्या वहीत राहू देत. चीकपीस किती आकड्यावर, रिअर साईट रेलवर मागच्या टोकापासून किती मिलिमीटर, खांद्याला टेकणारी बट प्लेट कुठल्या खाचेत, फोरसाईट रिंग किती नंबरची. आमच्याकडे एक मुलगी आहे, रोज रायफल हातात आली की वही उघडते आणि चार मिनिटांत रायफल तिची होते, आणि तिची मान दुखत नाही. कोचला न विचारता क्लबच्या रायफलवर रेझर लावू नका, एवढं मात्र पाळा. आणि मॅचच्या आधी इक्विपमेंट कंट्रोलला (सामान तपासणाऱ्यांना) दाखवून घ्या, कारण साईटच्या उंचीला मर्यादा आहे, रायफलचं एकूण वजन साडेपाच किलोच्या वर चालत नाही, आणि फोरसाईट बॅरलच्या तोंडाच्या पुढे आलेली चालत नाही.

जाता जाता फोरसाईटची रिंगही बघून घ्या. टार्गेटचा काळा गोल साडेतीस मिलिमीटरचा आहे, डोळ्यापासून एक मीटरवरच्या रिंगमध्ये तो तीन मिलिमीटरच्या जरा वर दिसतो. रिंग साडेतीनची घातली तर काळ्याभोवती पांढरं अगदी धाग्याएवढं राहतं, मुलीला वाटतं किती परफेक्ट दिसतंय, पण रायफल जराशी हलली की काळं रिंगला चिकटतं, ती घाबरते आणि शॉट धरून बसते. चौदा वर्षांच्या मुलीला मी चारच्या पुढची रिंग देते. पांढरं स्वच्छ दिसलं पाहिजे. ती म्हणेल खूप मोठी आहे, आठवडाभर मारू दे, मग विचारा.

फर्मागुडीहून इंजिनिअरिंगचा एक विद्यार्थी: मॅडम, माझ्याकडे सेकंडहँड एअर रायफल आहे, रिअर साईट रेलवर घट्ट बसत नाही, दहा-पंधरा शॉटनंतर थोडी मागे सरकते. क्लॅम्प कानशीने घासून बसवू का अरल्डाइटने चिकटवून टाकू? आणि कॉलेजमध्ये थ्रीडी प्रिंटर आहे, साईट रेझर प्रिंट केला तर?

अरे बाबा, कानस खाली ठेव. हे मी रागाने नाही सांगत, मी स्वतः हेच केलंय म्हणून सांगते. माझी पहिली रायफल पण सेकंडहँडच होती, वडिलांनी तीन वर्षं पैसे जमवून घेतली होती, आणि तिची साईट अशीच सरकायची. मी घरातली कानस घेतली आणि क्लॅम्पच्या दाताला पाच-सहा वेळा ओढली, वाटलं आता खोल बसेल. बसली पण. दुसऱ्या दिवशी रेंजवर साईट डावी-उजवीकडे डुलायला लागली, कारण एका बाजूला जास्त घासलं गेलं होतं आणि दात तिरका झाला होता. ग्रुप कार्डभर पसरले. तो क्लॅम्प परत कधीच नीट बसला नाही, अख्खी साईट बदलावी लागली, आणि वडील एक शब्द बोलले नाहीत, ते मला जास्त लागलं. धातू एकदा गेला की परत येत नाही. म्हणून माझ्याकडे नियम एकच, घरी जे काही कराल ते परत काढता आलं पाहिजे.

तर आधी माप. १० मीटरच्या मॅच रायफलींना ११ मिलिमीटरचा डव्हटेल (कडा आत तिरक्या कापलेली रेल) असतो, पण साध्या एअरगनमध्ये रेल साडेनऊपासून चौदापर्यंत काहीही निघतो, आणि सगळ्यांना दुकानदार "अकरा" च म्हणतात. कॉलेजच्या वर्कशॉपमधून डिजिटल कॅलिपर घे आणि रेलच्या वरच्या कडेची रुंदी तीन ठिकाणी मोज, पुढे, मधे, मागे. तीन ठिकाणी तीन आकडे आले तर रेलच वाकडी किंवा झिजलेली आहे, तो वेगळा विषय. सारखे आले आणि क्लॅम्पपेक्षा रेल कमी असली तर शिम, म्हणजे फट भरायची पातळ पट्टी, लागेल.

त्याआधी साफ कर. खरंच, अर्ध्या वेळा तिथेच सुटतं. रेल आणि क्लॅम्प दोन्ही रबिंग अल्कोहोलने पुस, कापडाला काळं लागायचं थांबेपर्यंत. लोक गंजू नये म्हणून रेलवर तेल लावतात आणि मग त्या तेलावर साईट आवळतात, ती सरकणार नाही तर काय होईल. साईटखालची जागा कोरडी हवी, तेल बाकी सगळीकडे.

साफ करूनही सरकली तर शिम. हार्डवेअरच्या दुकानात पातळ पितळी पत्रा मिळतो, नाहीतर कोल्ड्रिंकच्या रिकाम्या कॅनचा पत्रा घे, साधारण ०.१ मिलिमीटर असतो, कात्रीने कापला जातो. क्लॅम्पच्या लांबीएवढी पट्टी काप, कडा पॉलिश पेपरने मोड नाहीतर बोट कापेल, आणि क्लॅम्पचा जो जबडा हलतो त्याच्या आत ठेव. साईटच्या खाली नाही, बाजूला. खाली ठेवलीस तर वर सांगितला तो हिशोब लागू होईल. स्क्रू थोडा थोडा आवळ, एकदा पुढचा एकदा मागचा, अॅलन कीचा लहान पाय हातात धर आणि दोन बोटांच्या जोरावर थांब, लांब पायाने पूर्ण मनगट लावलं की त्या बारीक स्क्रूचे आटे जातात.

अरल्डाइट नको. स्क्रू सैल होतो म्हणून काही लावायचंच असेल तर निळा थ्रेडलॉकर, एक थेंब, क्लॅम्पच्या स्क्रूला. लाल नको, तो गरम केल्याशिवाय सुटत नाही. आणि क्लिकच्या नॉबजवळ तर काहीच नको. एवढं करूनही मागे सरकत असेल तर रेलवर स्टॉप लाव, साईटच्या मागे घट्ट बसणारा छोटा ब्लॉक, मग साईटला मागे जायला जागाच राहत नाही.

थ्रीडी प्रिंटचं तुझं डोकं मला आवडलं. करून बघ, पण ट्रायलसाठी. ४ मिलिमीटर बरा की ६ की ८ हे ठरवायला प्रिंट केलेले रेझर एकदम चांगले, तीन प्रिंट कर, प्रत्येकी आठवडाभर वापर, आणि जो बसेल त्या मापाचा अॅल्युमिनियमचा विकत घे किंवा वर्कशॉपमध्ये मिलिंग करून घे. कारण पीएलए (प्रिंटरचं नेहमीचं प्लास्टिक) ६० डिग्रीच्या आसपास मऊ व्हायला लागतं, आणि एप्रिलमध्ये पणजीच्या पार्किंगमध्ये काचा बंद करून ठेवलेल्या गाडीत काय होतं ते तुला माहीत आहे. डोळ्याला वाकलेला दिसणार पण नाही, फक्त दुपारी ग्रुप का सरकतोय ते कळणार नाही. प्रिंट करताना थर आडवे-उभे कसे येतात ते पण बघ, स्क्रूच्या ओढीने थर सुटतील अशा दिशेने ठेवू नकोस.

म्हापशाहून एक वाचक: स्प्रिंगवाली एअरगन आहे, त्यावर स्कोप (नेमाची दुर्बीण) लावलाय, बागेत डबे पाडायला. दर पन्नास शॉटनंतर झिरो जातो. माउंट बदलून बघितला. आता स्कोपच्या आत क्रॉसहेअरपण (नेमाची फुली) तिरकी दिसते.

तुमचा स्कोप गेलाय, वाईट वाटतं सांगायला. स्प्रिंगगनचा धक्का दोन दिशांना असतो. पिस्टन पुढे सुटतो तेव्हा गन मागे येते, आणि पिस्टन पुढे जाऊन थांबतो तेव्हा गन पुढे झटका खाते. साधे रायफल स्कोप मागच्या धक्क्यासाठी बनवलेले असतात, पुढचा झटका त्यांच्या आतल्या काचा सहन करत नाहीत. पुढचा घेताना पाकिटावर स्प्रिंग एअरगनसाठी चालतो असं लिहिलेलाच घ्या, आणि पॅरॅलॅक्स १० मीटरपर्यंत खाली येतो का ते बघा, कारण बरेच स्कोप १०० यार्डाला सेट केलेले असतात आणि दहा मीटरवर सगळं धुरकट दिसतं, डोळा जरा हलला की क्रॉसहेअर डब्यावरून सरकते.

माउंट वन-पीस घ्या, खाली अरेस्टर पिन (माउंटला सरकू न देणारी) असलेला, आणि ती पिन गनवरच्या भोकात बसवा. भोक नसेल तर घरी ड्रिल मारू नका, खाली कम्प्रेशन ट्यूब असते, रेलवर माउंटच्या मागे स्टॉप ब्लॉक लावा. स्कोपची ट्यूब २५.४ मिलिमीटरची की ३० ची ते आधी मोजा, माउंटच्या ३० च्या रिंगमध्ये टेप गुंडाळून २५.४ चा स्कोप बसवलेला मी पाहिलाय, तो टिकत नाही. आणि पिकॅटिनीचा (आडव्या खाचांच्या रुंद रेलचा) माउंट डव्हटेलवर चालत नाही, ती रेल २१ मिलिमीटरच्या वर रुंद असते, अॅडॉप्टर घ्यावा लागतो. रिंगचे स्क्रू फुलीसारखे आवळा, एक इकडचा मग समोरचा, दोन्ही बाजूंची फट सारखी राहिली पाहिजे.

डब्यांमागे दगडी कुंपण नको, छर्रा परत येतो. वाळूची गोणी ठेवा.

मडगावहून एक वाचक, वय ५६: रिटायर व्हायच्या आधी छंद म्हणून एअर पिस्तूल सुरू केलं. चष्मा प्रोग्रेसिव्ह आहे. फोरसाईट कधी स्पष्ट कधी अस्पष्ट. साईट रुंद करून घेऊ का?

भाई, ह्या वयात सुरू केलंत ह्याचं मला फार कौतुक वाटतं. साईट बदलायच्या आधी चष्मा बदला, कारण प्रोग्रेसिव्ह काचेत डोकं जरा वरखाली झालं की नंबर बदलतो, आणि प्रत्येक शॉटला डोकं अगदी त्याच जागी येणं कुणालाच जमत नाही. नेमबाजीसाठी वेगळा सिंगल व्हिजन, म्हणजे एकाच नंबरचा, चष्मा करून घ्या, ज्यात फोरसाईट स्पष्ट दिसेल आणि टार्गेट किंचित धूसर. तो नंबर दूरच्या नंबरमध्ये साधारण अर्धा ते पाऊण प्लस मिळवून येतो, पण नक्की किती ते ऑप्टोमेट्रिस्टनेच ठरवायचं. पिस्तूल घेऊन चष्म्याच्या दुकानात जाऊ नका हं, लोक घाबरतात. घरी हात लांब करून डोळ्यापासून फोरसाईटपर्यंतचं अंतर कुणाकडून तरी मोजून घ्या, तेवढ्या लांबीची काठी कापा, टोकाला काळ्या पुठ्ठ्याचा साडेचार मिलिमीटरचा तुकडा चिकटवा, आणि ती काठी घेऊन जा. सांगा की हा तुकडा मला धारदार दिसला पाहिजे.

मग साईट. पिस्तुलाच्या टार्गेटचा काळा गोल साडेएकोणसाठ मिलिमीटरचा, फोरसाईटचं पातं त्याच्याहून किंचित अरुंद दिसलं की डोळ्याला बरं पडतं. पात्याच्या दोन्ही बाजूंना खाचेत जो प्रकाश दिसतो तो तरुण मुलं बारीक ठेवतात, तुम्ही मोठा ठेवा, पात्याच्या निम्म्याएवढा प्रत्येक बाजूला असला तरी चालेल. बऱ्याच मॅच पिस्तुलांना खाच स्क्रूने रुंद-अरुंद होते, काही कापायला लागत नाही. लक्ष मात्र पात्याच्या वरच्या कडेवर ठेवा. पिस्तुलाच्या दोन साईटमधलं अंतर तीसेक सेंटिमीटर, म्हणजे पातं खाचेत १ मिलिमीटर इकडेतिकडे झालं की कार्डावर ३० मिलिमीटरच्या वर, जवळपास चार रिंगा. हात हलला तर एवढं नुकसान होत नाही, म्हणून हात हलतो ह्याची काळजी सोडा.

डावा डोळा मिटू नका, त्याच्या समोर पांढरा अर्धपारदर्शक ब्लाइंडर लावा, दुधाच्या पिशवीचा तुकडासुद्धा चालतो ट्रायलला. रुंदी ३० मिलिमीटरच्या आत ठेवा, नियम तेवढंच देतो. काळा लावला तर दुसऱ्या डोळ्याची बाहुली पण मोठी होते आणि फोरसाईटची कड पसरट दिसते.

सत्तरीतून एक शेतकरी: कुळागराच्या (सुपारी-केळीच्या बागेच्या) राखणीसाठी वडिलांच्या वेळची लायसन्सची सिंगल बॅरल आहे. नेम धरायचा पुढचा मणी पडला. घरीच वेल्डिंगवाल्याकडून बसवू का? आणि वर टॉर्च लावायला रेल ठोकून घेऊ का?

काका, नको. दोन्ही नको. एअर रायफलचं मी वर जे लिहिलं ते तुमच्या बंदुकीला लागू होत नाही. तुमची बंदूक दारूची, बॅरलमध्ये प्रचंड दाब तयार होतो, आणि वेल्डिंगच्या उष्णतेने तिथलं पोलाद मऊ पडतं. ड्रिल जरा खोल गेलं तर बॅरलची भिंत पातळ होते, बाहेरून काही दिसत नाही आणि एके दिवशी तुमच्याच हाताजवळ फुटते. शिवाय १९५९ च्या आर्म्स अॅक्टप्रमाणे बंदूक दुरुस्त करायला दुरुस्त करणाऱ्याकडे त्याचं वेगळं लायसन्स लागतं, तुमच्याकडे बंदुकीचं आहे ते वेगळं. वेल्डिंगवाल्याने केलं तर तोही अडकेल आणि तुम्हीही. लायसन्सवाल्या गनस्मिथकडेच न्या, नेताना लायसन्सबुक बरोबर ठेवा, बंदूक रिकामी आणि कव्हरमध्ये. मणी बसवणं हे त्याच्यासाठी छोटं काम आहे, तो आट्याचा मणी मापाने बसवून देईल. बॅरल किती झिजलीय, चाप सैल झालाय का, हेही त्याच फेरीत तपासून घ्या, वडिलांच्या वेळची आहे म्हणता.

टॉर्च डोक्याला बांधायची घ्या. बंदुकीवर टॉर्च लावली की काय आहे ते बघायला बंदूकच तिकडे रोखावी लागते, आणि रात्री कुळागरात पाट सोडायला शेजारी पण आलेला असतो. तुमचं नुकसान मला कळतं, सुपारीचे आणि केळीचे घड एका रात्रीत जातात, रानडुकरं सगळे वाफे उकरून टाकतात, आणि गवा तर आपला राज्यप्राणी. पण १९७२ च्या वन्यजीव कायद्यात परवानगीशिवाय ह्यांना मारणं बसत नाही, त्यासाठी वनखात्याकडे अर्ज आणि नुकसानभरपाई हाच रस्ता. हे मी सगळ्या वाचकांसाठी लिहितेय, तुमच्यावर संशय म्हणून नाही.

काणकोणहून अकरावीची एक मुलगी: आमचं घर समुद्राजवळ आहे. पावसात रिअर साईटचे क्लिक घट्ट झाले आणि डव्हटेलवर तांबडे ठिपके आलेत. आणि माझा कोच म्हणतो मी रायफल तिरकी धरते, लेव्हल (तिरकेपणा दाखवणारी बुडबुड्याची नळी) लावू का?

बाय, पहिलं काम, रायफल फोमच्या केसमध्ये ठेवणं बंद कर. जुलैमध्ये तो फोम ओल्या स्पंजसारखा असतो, मिठाची हवा आत कोंडते. रेंजवरून आलीस की केस उघडी टाक, रायफल सुती कापडाने पुसून कोरड्या कपाटात उभी कर, खाली सिलिका जेलच्या पुड्या, पंधरा दिवसांनी त्या तव्यावर मंद गरम करून परत वापर. हाताचा घाम साईटच्या नॉबवर राहतो, तो रोज पुसायचा, तांबडे ठिपके बहुतेक त्याचेच आहेत.

डव्हटेलवरचे ठिपके तेलात भिजवलेल्या कापडाने चोळ, जात नसतील तर अगदी बारीक स्टील वूल तेलाबरोबर, हलक्या हाताने, पॉलिश पेपर नको. मग साईट बसते तेवढी जागा अल्कोहोलने कोरडी कर. क्लिक घट्ट झालेत त्यात खोबरेल तेल किंवा शिलाईमशीनचं तेल ओतू नकोस, मुलं हमखास तेच करतात, ते आत जाऊन धूळ धरतं आणि पुढच्या पावसात नॉब पूर्ण अडकतो. नॉब एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरव, क्लिक मोजत, दोन-तीन वेळा. एखाद्या जागी आवाज येत नसेल तर ती साईट सर्व्हिसला दे, आत बारीक स्प्रिंग आणि गोळी असते, उघडलीस तर टेबलाखाली शोधत बसशील. फिरवायच्या आधी मूळ आकडा लिहून ठेव.

आणि तिरकं धरणं. थोडं तिरकं धरणं चूक नाही, कितीतरी चांगले नेमबाज रायफल थोडी आत झुकवतात म्हणजे डोकं सरळ राहतं. चूक तेव्हा होते जेव्हा दर शॉटला तिरकेपणा बदलतो. मॅच रायफलचा छर्रा सेकंदाला साधारण १७० मीटर जातो, दहा मीटर जाईपर्यंत पावणेदोन सेंटिमीटरच्या आसपास खाली पडतो, साईट ते भरून काढते. रायफल ५ डिग्रीने जास्त झुकली की ते भरून काढणं बाजूला ढळतं, दीड मिलिमीटर, अर्ध्या रिंगच्या वर, आणि डेसिमल स्कोअरिंगमध्ये १०.५ चा शॉट ९.९ होतो. लेव्हल असलेली फोरसाईट इन्सर्ट मिळते, ती लाव, पण बुडबुडा मधोमध आणायच्या मागे लागू नको. तुझी नैसर्गिक पोझिशन घे, डोळे मिटून टेकव, उघड, बुडबुडा कुठे आहे ते बघ, आणि टनेलचा (फोरसाईटच्या नळीचा) स्क्रू सैल करून टनेलच फिरव, बुडबुडा मधे येईपर्यंत. मग स्क्रू आवळ आणि परत झिरो कर, पाच शॉट, पुस, वहीत लिही, परत पाच.